रिकाम्या हातानं परत गेलेले

३ नोव्हेंबर, सोमवार

नेटवर्कनं आज पुन्हा बरोबर सांगितलं, आणि सरांनी पुन्हा विचारलं — "पण का?"

काय सांगणार! न्यूरल नेटवर्क म्हणजे आकड्यांवरून शिकणारा प्रोग्राम, त्याला तोंड नाही. आमच्या बेकरीची तीन वर्षांची विक्री त्याला खाऊ घातली — कुठल्या दुकानात कुठल्या दिवशी ब्रेडचे किती पुडे खपले, हवा कशी होती, महिन्याचा कितवा आठवडा. ते सगळं ते रवंथ करतं आणि उद्या कुठे किती पुडे पाठवायचे तो आकडा पुढे सरकवतं. आकडा बहुतेक बरोबर असतो. कारण मात्र त्याच्या पोटात. सर म्हणाले, "ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्या भरवशावर मी भट्टी पेटवायची?" महिनाअखेरीस मालकांपुढे मांडायचं आहे. तोवर यंत्राला बोलतं करा, नाहीतर गाशा गुंडाळा.

बोलतं करायचं म्हणे! मी तरी कुठे बोलते.

घरी आले. कुलूप काढलं आणि सवयीनं म्हटलं, "आई, आले गं." आई जूनपासून धाकट्या भावाकडे आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन तिकडे झालं आणि मग "थोडे दिवस राहते" म्हणाली. अजून राहतेच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजात शिकलेलं फझी लॉजिक — 'जरा', 'बरंच' अशा मोघम शब्दांचं गणित — धूळ झटकून बाहेर काढलंय. नेटवर्क आकड्यांत विचार करतं, माणूस शब्दांत. मग दोघांचं लग्न लावून द्यावं! शब्द माणसाचे घ्यायचे, आणि ते शब्द नेमके कुठे लागू होतात ते नेटवर्कनं शिकायचं.

शब्द कुणाचे? अंदाजपंचेंचे. हे आमचे माल पाठवणारे काका. यंत्र यायच्या आधी सगळ्या गाड्या त्यांच्या अंदाजावर सुटायच्या, म्हणून अख्खी बेकरी त्यांना अंदाजपंचे म्हणते — तोंडावरसुद्धा. मला भाकितबाई म्हणतात. आज दोघं समोरासमोर बसलो.

"काका, ब्रेड जास्त कधी जातो?"

"हवा गार पडली की."

"गार म्हणजे किती?"

"गार म्हणजे गार!"

"अठरा अंश?"

"अठरा... जरा गार."

"पंधरा?"

"बऱ्यापैकी गार."

"अकरा?"

"अहो बाई, अकराला मी घरी बसतो!"

हसून हसून पोट दुखलं. पण हवं ते मिळालं. अठरा अंश म्हणजे दहात चार भाग गार आणि सहा भाग बरी हवा — एकाच वेळी दोन्ही. हो किंवा नाही असा हट्टच नाही. मला हे शिकतानाच आवडलं होतं. वर्गातली पोरं म्हणायची, हे कसलं गणित, हे तर बायकांच्या गप्पा. असू दे.

घर रिकामं आहे का? दहात सात. आईची खोली आहे, कपाट आहे, शिवणयंत्र आहे, त्यावर तिचा चष्म्याचा जुना डबा आहे. आई नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ऑफिस सोडून कुणाशी बोलले नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "आत्ता आलात?" मी म्हटलं, "हो." ते धरलं तर एक.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारचा फोन झाला. धाकटा स्पीकरवर लावतो, दिवाणखान्यात सगळे बसलेले असतात, मागे टीव्ही.

आई म्हणाली, "मी मजेत. तू?"

मी म्हटलं, "मी पण मजेत."

"जेवतेस ना वेळेवर?" — "जेवते." — "काम?" — "आहे चाललेलं." संपलं. मग धाकटा म्हणाला, "ताई, आई इथे छान रमली आहे हं. महिन्याच्या शेवटी मी गाडी घेऊन येतो, तिचं शिवणयंत्र घेऊन जाईन म्हणतो. तिला करमतं त्याच्यावर."

मी म्हटलं, "ने की."

ने की! जीभ झडली नाही माझी! शिवणयंत्र गेलं म्हणजे आई परत येणार नाही, एवढं कळायला काही नेटवर्क लागत नाही. कपडे माणूस चार दिवसांसाठीही नेतो. ओतीव लोखंडाचं शिवणयंत्र कुणी चार दिवसांसाठी नेतं का?

सुरुवातीला तो म्हणायचा, "ताई, ये ना इकडे." मी म्हणायचे, "बघू, काम आहे." खरंच काम होतं. आणि खरं सांगायचं तर वाटायचं, मी का जाऊ? आईनंच यावं, घर तिचं आहे. आता तो बोलावतही नाही. कुणीच बोलावत नाही.

राग आलाय. कुणाचा ते कळत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जमलं! जमलं! जमलं!

काकांचे नियम यंत्रात घातले. "हवा गार आणि पगाराचा आठवडा, तर मागणी बरीच जास्त." "शाळांना सुट्टी, तर बसडेपोकडच्या दुकानांत मागणी जरा कमी." असे बरेच. मग नेटवर्कला सोडलं मोकळं — आता तूच बघ, विक्रीच्या आकड्यांशी ताडून, गार कुठे सुरू होतं आणि बरीच म्हणजे किती. ते बिचारं सकाळपासून प्रत्येक शब्द इकडून तिकडे सरकवत बसलं. दुपारी स्थिरावलं. काकांचं "गार" त्यानं चांगलं दोन अंशांनी हलवलं.

काकांना पडद्यावर दाखवलं. चष्मा कपाळावर नेऊन बघत राहिले. म्हणाले, "माझं गार कुणी सरकवलं?"

"विक्रीनं सरकवलं, काका. लोकांना तुमच्या आधीच गार वाटायला लागतं."

"लोकांना स्वेटर नसतील," म्हणाले आणि उठून गेले. रुसलेच जरा. पण दाराशी थांबून म्हणाले, "ते सुट्टीचं मात्र माझं बरोबर निघालं ना?" निघालं होतं. मी सांगितलं. मान ताठ करून गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन. मजेत. मीही मजेत. भाचीनं फोनवर एक कविता म्हणून दाखवली, अर्धी विसरली. मग आईला खोकला आला आणि धाकटा म्हणाला, "बरं ताई, ठेवतो."

आईची खोली झाडली. शिवणयंत्राला तेल घातलं. का घातलं कोण जाणे. तिकडे जाऊन कुरकुरायला नको.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चाचणी झाली. गेल्या दोन महिन्यांचे दिवस यंत्रापासून लपवून ठेवले होते, ते त्याला एकेक करून विचारले. चूक इतकी कमी की सरांनी खुर्ची पुढे ओढली. आणि आता प्रत्येक आकड्याखाली कारण येतं, शुद्ध मराठीत — "हवा बऱ्यापैकी गार, पगाराचा आठवडा, म्हणून मागणी बरीच जास्त." सर मोठ्यानं वाचत होते, लहान मूल पाटी वाचतं तसे. बसडेपोसमोरच्या दुकानाला तर चूक जवळजवळ नाहीच! "भाकितबाई, हे मालकांना पहिल्यांदा दाखवायचं," म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून फाइल शोधायचं नाटक केलं.

घरी येताना फोन हातात घेतला होता. आईला सांगावं असं फार वाटलं. पण आज मंगळवार. आम्ही रविवारी बोलतो. मध्येच केला तर घाबरायची, काय झालं म्हणून. आणि काय सांगणार — आई, यंत्र बोलायला लागलं?

फोन पर्समध्ये टाकला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डेपोसमोरच्या दुकानवालीचा फोन. माल पाठवणाऱ्या टेबलावर कुणी नव्हतं म्हणून माझ्याकडे जोडला. बाई जाम तापलेली.

"ऐकलं, आता तुमच्याकडे यंत्र आलंय. मग अक्कल आली असेल म्हटलं! तुमची गाडी तेवढेच पुडे टाकून जाते. रोज तेवढेच!"

मी म्हटलं, "तुमच्या दुकानाचा अंदाज तर आमच्याकडे सगळ्यात अचूक आहे."

ती कडवट हसली. मग म्हणाली, "या एकदा बघायला," आणि फोन आपटला.

उद्या शनिवार. तसंही घरी बसून काय करणार आहे?

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेले होते. कसं सांगू!

दुकान म्हणजे एक फळी, मागे कपाट, बाजूला रिकामे क्रेट. त्यातला एक उलटा करून मी बसले. आमची गाडी सकाळीच येऊन गेली होती. उन्हं डोक्यावर यायच्या आत ब्रेडचा कप्पा रिकामा.

मग लोक यायला लागले. गणवेशातला एक ड्रायव्हर आला, कप्प्याकडे बघितलं, वळला, गेला. कडेवर मूल घेतलेली एक बाई. गेली. एक म्हातारे गृहस्थ, पिशवी घडी करून आणलेली — "संपला?" "संपला." त्यांनी मान हलवली आणि पिशवी तशीच घडी घातलेली खिशात ठेवली. एका नर्सनं ब्रेडऐवजी बिस्किटं घेतली. दुकानवाली वरही बघत नव्हती. तिला सवयच झाली होती.

मी विचारलं, "मग तुम्ही जास्त मागवत का नाही?"

"मागवायचे हो, आधी. 'बघू' म्हणायचे तुमचे लोक. मग सोडून दिलं. किती वेळा तोंड वेंगाडायचं?"

मी त्या क्रेटवर बसूनच राहिले. माझं सगळ्यात अचूक दुकान! इथे पाठवलेले सगळे पुडे खपतात, म्हणून यंत्र तेवढेच सांगतं, म्हणून आम्ही तेवढेच पाठवतो, म्हणून तेवढेच खपतात! यंत्राला मी विक्री दाखवली आणि म्हटलं, बाळा, ही बघ मागणी. ते गिऱ्हाईक शिकलंच नाही. आमचाच चिक्कूपणा शिकलं, आणि काकांच्या शब्दांत गोड बोलून आम्हालाच ऐकवायला लागलं.

रिकाम्या हातानं परत गेलेल्यांची नोंद कुठेच नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना ब्रेड हवा होता, हे जगात फक्त त्यांना माहीत. आणि आता मला.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोन. मजेत, मजेत.

उद्या सरांना सांगायचं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सर आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "म्हणजे तीन वर्षांचा डेटा खोटा?"

"खोटा नाही, सर. अर्धा आहे. जिथे कप्पा लवकर रिकामा झाला तिथे खरी मागणी विक्रीपेक्षा जास्त होती, एवढंच आपल्याला माहीत. किती जास्त, ते कुणी विचारलंच नाही."

"शुक्रवारी मालक येणार! टाळ्या वाजवल्या आपण!"

काका कोपऱ्यात उभे होते. मला वाटलं, आता टोमणा मारतील. ते म्हणाले, "मी पण तेच करत होतो की. माल परत आला नाही म्हणजे आपला अंदाज बरोबर, असंच धरायचो." आणि टाळूवरून हात फिरवत राहिले.

मग काम सुरू. एक नवा नियम घातला — "पुडे फार लवकर संपले, तर मागणी विक्रीपेक्षा बरीच जास्त." थोडे लवकर संपले, तर जरा जास्त. आता "फार लवकर" म्हणजे काय ते नेटवर्क शिकेल, पण त्यासाठी दुकानांना विचारावं लागेल, कप्पा कधी रिकामा होतो. काकांनी आजच फोन फिरवायला घेतले. उद्यापासून डेपोसमोर दीडपट माल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी दुकानवालीचा फोन. "आज दिवेलागणीला शेवटचा पुडा गेला." एवढंच बोलली. आवाज मऊ होता.

ते म्हातारे आले होते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत फोन केला. आईला. रविवार नसताना.

दोन दिवस हेच घोळत होतं डोक्यात. रविवारचा तो फोन — स्पीकर, टीव्ही, सगळे बसलेले. त्यात आई काय म्हणणार? मजेतच म्हणणार. आणि मी ते "मजेत" धरून चालले. जून, जुलै, ऑगस्ट, सगळे महिने मजेत. चूक जवळजवळ नाहीच!

आईनं उचलला. "काय गं? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सहज? बरं नाही का तुला?"

"आई, मला करमत नाही गं."

म्हटलं! बेकरीच्या मागच्या अंगणात, मैद्याच्या पोत्यांपाशी उभी राहून म्हटलं.

आई म्हणाली, "मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"तू मजेत म्हणायचीस."

"आणि तू काय म्हणायचीस?"

मग मी विचारलं. एकदाचं विचारूनच टाकलं. "घरी येतेस? मी न्यायला येते."

मला खात्री होती. अगदी खात्री! ती रडेल, म्हणेल, ने गं बाई मला. ती म्हणाली, "नाही गं. तीन मजले चढायचे माझ्याच्यानं होत नाही आता. इथे खाली बाग आहे, चार बायका ओळखीच्या झाल्यात. मला इथे खरंच बरं आहे. खोटं कशाला सांगू?"

थोड्या वेळानं म्हणाली, "तू ये ना एकदा."

एकदा. पाहुणीसारखी.

माझं भाकीत सपशेल पडलं. "बघू, काम आहे," म्हणाले आणि ठेवला. पीठ लागलं होतं बाहीला, ते झटकत बसले. विचारलं नसतं तर निदान वाटत तरी राहिलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मालक आले. मी सगळं सांगितलं, चूक आधी आणि टाळ्या नंतर. त्यांनी चहा गार होऊ दिला. शेवटी म्हणाले, "दोन महिने चालवून बघा." सरांनी बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारली.

काकांनी विचारलं, "बाई, आज तरी खूश दिसा की!"

म्हटलं, "आहे ना. जरा."

"जरा म्हणजे दहात किती?"

मी टेबल आवरायला घेतलं. निघताना मी डबा विसरले होते, तो त्यांनी आणून हातात दिला.

३० नोव्हेंबर, रविवार

धाकटा आला. शिवणयंत्र आम्ही दोघांनी मिळून उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर टेकवलं तेव्हा तो धापा टाकत म्हणाला, "आई लोखंडाच्याच प्रेमात का पडली!" हसलो. लहानपणी हसायचो तसे, पायरीवर बसून.

मग खालमानेनं म्हणाला, "ताई, एक बोलू? मला बोलू नको म्हणून सांगितलंय आईनं. तुला येण्याचा आग्रह करायचा नाही म्हणते. 'तिला कामं असतात, उगाच तिच्या डोक्यावर ओझं नको.' म्हणून मी थांबलो विचारायचा."

"ती स्वतः म्हणाली असं?"

"ऑगस्टपासून म्हणते."

मी यंत्राचं चाक हातानं फिरवत राहिले. तेल चांगलं बसलं होतं. आवाज नाही आला.

तो गाडी घेऊन गेला. खोलीत जिथे यंत्र होतं तिथे फरशीवर चार पायांच्या खुणा आहेत. बाकीची फरशी काळवंडलेली, तेवढी मूळ रंगाची. दुपारभर त्या खोलीत जाववलं नाही. घर रिकामं, दहात दहा.

३ डिसेंबर, बुधवार

रजेचा अर्ज दिला. सरांनी सही करून वर विचारलं, "एवढीच? तुमची तर वर्षभराची साठलेली आहे."

काका गाड्यांपाशी ओरडले, "भाकितबाई रजेवर! आता उद्याचं कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा," म्हटलं, "अंदाजपंचे!"

तिकडे कळवलं नाही. धाकट्याला नाही, आईलाही नाही. कळवलं की धावपळ करतील, स्वयंपाक काढतील, पाहुणीच होईन. आणि खरं म्हणजे धीर होत नाही. ऐन वेळी मीच माघार घेतली तर? बसचं तिकीट मात्र काढलंय.

६ डिसेंबर, शनिवार

पोचले. आई बागेत होती. घरी भावजय एकटीच — दार उघडून बघतच राहिली, मग हाताला धरून आईच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीपाशी शिवणयंत्र, आणि दोन खाटा. म्हणाली, "ही दुसरी आईंनी जूनमध्येच मागून घेतली. कुणी झोपत नाही तिच्यावर, तरी दर शनिवारी चादर बदलतात. कोण येणार आहे विचारलं, की म्हणतात, 'कदाचित.'"

मी येतेय हे कुणालाच माहीत नव्हतं. चादरीवर आत्ताच मोडलेल्या घडीच्या रेषा होत्या.